देवळाला हात लावण्याआधी: कोकणातल्या जुन्या देवळाची नोंद आणि डागडुजी

जीर्णोद्धाराचा ठराव कोकणात बहुधा मे महिन्यात होतो. चाकरमानी गावी आलेले असतात, बैठक सभामंडपातच बसते, वर्गणीचा आकडा ठरतो आणि बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्लॅब, ग्रॅनाइट आणि उंच कळस असतो. भक्ती खरी असते आणि पैसाही घामाचा असतो. पण दिवाळीनंतर जुनं देऊळ उतरवलं की गावाची दोन-तीनशे वर्षांची माहिती जांभ्याच्या चिऱ्यांच्या ढिगाऱ्यात जाते. म्हणून इथे कामाचा क्रम उलटा दिला आहे. आधी देऊळ वाचायचं, मग मोजायचं, मग पाण्याचा बंदोबस्त करायचा, आणि त्यानंतर जे उरेल तेवढंच दुरुस्त करायचं. हे उरलेलं काम ठरावातल्या आकड्यापेक्षा बहुतेक वेळा पुष्कळ कमी निघतं.

देऊळ कशाचं आहे ते ओळखा

कोकणात सगळी देवळं एका घडणीची नाहीत. अंबरनाथचं शिवमंदिर (शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०) शिलाहार राजांच्या काळातलं, भूमिज पद्धतीच्या (लहान शिखरांच्या ओळींनी घडवलेल्या) शिखराचं, सबंध घडीव काळ्या दगडाचं आहे. कसबा संगमेश्वरचं कर्णेश्वर हेही कोरीव दगडी देऊळ आहे. अशा देवळात दगडावर दगड वजनाने बसलेला असतो, त्यामुळे एक दगड काढला की वरच्या थरांचं बळ बदलतं. तिथे गावच्या गवंड्याने हात घालूच नये. चिपळूणजवळचं परशुराम किंवा केळशीची महालक्ष्मी ही घुमटाची देवळं आहेत. त्यांत धोका असतो तो घुमटाच्या बुडाशी पडणाऱ्या उभ्या भेगांचा आणि माथ्यावर उगवणाऱ्या पिंपळाचा. देवगड तालुक्यात वाड्याचं विमलेश्वर जांभ्याच्या कड्यातच कोरलेलं आहे. तिथे भिंत म्हणजे डोंगर, त्यामुळे पाणी आत झिरपतं ते डोंगरातून. आणि दक्षिण कोकणात सातेरी या ग्रामदेवतेच्या कित्येक देवळांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळ असतं. तिथे गाभाऱ्यात वाळवीचं औषध मारायचा विचारसुद्धा करता येत नाही, लाकूड वाचवायचं ते गाभाऱ्याबाहेरच.

पण बहुतेक गावांत असतं ते या सगळ्यांपेक्षा साधं देऊळ: जांभ्याचं जोतं, जांभ्याच्या भिंती, फणसाचे किंवा सागाचे खांब, वासे-रिपा आणि वर कौलं. पुढचं सगळं प्रामुख्याने या देवळाविषयी आहे.

असं देऊळ एका वेळी बांधलेलं नसतं. गाभारा सगळ्यांत जुना, अंतराळ (गाभारा आणि सभामंडप यांमधला भाग) आणि सभामंडप त्यानंतरचे, आणि पुढची पडवी किंवा पत्र्याची शेड काल-परवाची. हे टप्पे ओळखायची खूण भिंतीतच असते. एकाच वेळी बांधलेल्या भिंती कोपऱ्यात एकमेकींत गुंफलेल्या असतात, एका थरातला चिरा इकडे आणि पुढच्या थरातला तिकडे. मागाहून जोडलेली भिंत नुसती टेकलेली असते आणि तिथे वरपासून खालपर्यंत सरळ सांधा दिसतो. हा सांधा म्हणजे भेग नव्हे. अनेकदा त्यालाच भेग समजून त्यात सिमेंट भरतात, दोन भिंती एकजीव होतात आणि पुढच्या पावसाळ्यात खरी भेग शेजारी पडते. टप्पे कळले की कुठल्या भागाला अजिबात हात लावायचा नाही हेही कळतं.

तारीख कशी काढायची

दीपमाळेचं जोतं, गाभाऱ्याची चौकट, पायरीचा दर्शनी दगड, तळीची भिंत, घंटा आणि समया या जागी लेख असण्याची शक्यता जास्त. लेखावर पीठ, खडू, शेंदूर किंवा तेल चोळू नये. रात्री जाऊन टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरावा आणि समोरून फोटो घ्यावा. मग चारही बाजूंनी टॉर्च फिरवून आणखी चार फोटो घ्यावेत. दिवसा न दिसणारी अक्षरं आडव्या उजेडात सावली टाकून उठून दिसतात.

शकाच्या आकड्यात चैत्र ते मार्गशीर्ष या महिन्यांसाठी ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, माघ-फाल्गुनासाठी ७९ मिळवावे. पौष मधे येतो, म्हणून त्याची तिथी तपासून ठरवावं. लेखात संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव असेल तर फार मोठी सोय होते. शकात १२ मिळवून ६० ने भागायचं आणि जी बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक. शून्य उरलं तर साठावा, क्षय. पडताळा हवा तर शके १९४७ घ्या: १९५९ भागिले ६०, बाकी ३९, एकोणचाळिसावा विश्वावसू, आणि त्या वर्षाच्या पंचांगावर हेच नाव आहे.

झिजलेल्या दगडावर १ आणि ९ हमखास एकमेकांसारखे दिसतात, तिथे हा हिशेब उपयोगी पडतो. समजा १६१४ की १६९४ हे कळत नाही. १६१४ ला बाकी ६, म्हणजे अंगिरा. १६९४ ला बाकी २६, म्हणजे नंदन. लेखात 'नंदन' वाचता आलं तर शके १६९४, इ. स. १७७२. नाहीतर ऐंशी वर्षांची चूक फलकावर चढते आणि मग ती कोणी काढत नाही.

लेख नसेल तर वस्तू बोलतात. मंगलोरी कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचा ठसा असतो. बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनने मंगळुरात असा पहिला कारखाना १८६५ साली काढला, त्यामुळे ती कौलं त्याच्या आधीची असू शकत नाहीत. त्यावरून छपराचं वय कळतं, देवळाचं नाही. त्याआधी नळीची कौलं किंवा गवत असे. घंटेवर रोमन अक्षरं, क्रॉस किंवा लॅटिन शब्द असतील तर ती बहुधा पोर्तुगीज चर्चमधली असते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर अशा घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. ती घंटा पितळ म्हणून मोडीत घालू नये, आणि पॉलिशवाल्याकडे देऊन तिच्यावरची अक्षरंही झिजवू नयेत.

मोजणी

तीन माणसं, ३० मीटरची फीत, ५ मीटरची फीत, होकायंत्र, ओळंबा, आलेख कागद. दोघांनी फीत धरायची आणि तिसऱ्याने लिहायचं. लिहिणारा बदलू नये. १:५० प्रमाण पुरतं. प्रत्येक खोलीच्या चार बाजू तर घ्यायच्याच, पण दोन्ही कर्णही घ्यायचे. जुन्या देवळातला काटकोन क्वचितच नेमका असतो, आणि कर्ण न घेता काढलेला नकाशा घरी गेल्यावर जुळत नाही. एका भिंतीवरची दारं-खिडक्या एकेक सुट्या मोजू नयेत. फितीचं टोक एका कोपऱ्यात धरून ठेवून सगळी मापं त्याच टोकापासून वाचावीत, म्हणजे चुका साठत नाहीत.

उभ्या छेदाचं माप लोक विसरतात, आणि कोकणात तेच सगळ्यांत महत्त्वाचं. अंगण, जोतं, सभामंडप, अंतराळ, गाभारा यांची जमीन एकमेकींपासून किती इंच वर-खाली आहे ते पारदर्शक नळीत पाणी भरून मोजावं. शिवाच्या देवळात गाभारा बहुधा खाली असतो, अंबरनाथला तर पायऱ्या उतरून जावं लागतं. हा आकडा हाताशी असला की फरशी घालायचा ठराव आपोआप बदलतो.

फोटोंचा नियम सोपा आहे. प्रत्येक भिंत समोरून, प्रत्येक खांब चारही बाजूंनी, प्रत्येक कोरीव तुकड्याशेजारी मोजपट्टी. लाकडी खांबांना आणि वाशांना खडूने क्रमांक द्यावेत आणि तेच क्रमांक नकाशावर लिहावेत. उतरवलेलं लाकूड परत चढवताना हे क्रमांक नसतील तर सुतार अंदाजाने बसवतो, अंदाजाने बसलं नाही की तासतो, आणि तासलेलं लाकूड पुन्हा वाढत नाही.

पाणी

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. देऊळ खचतं, भिजतं, कुजतं ते बहुधा या एकाच कारणाने. म्हणून दुरुस्तीचा पहिला रुपया पाण्यावर खर्च व्हावा.

अभिषेकाचं पाणी प्रणालातून (गाभाऱ्याच्या भिंतीतल्या पन्हळीतून) बाहेर जातं का ते आधी पाहावं. देऊळ पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून असेल तर प्रणाल साधारण उत्तरेला असतो. गाभाऱ्यात एक कळशी पाणी हळूहळू ओतावं आणि बाहेर किती येतं ते मोजावं. निम्मंच आलं तर उरलेलं जोत्यात मुरतंय. फुलं, तांदूळ आणि तुपाचा थर यांनी नळी तुंबते. लाकडी काठीने आणि कोमट पाण्याने ती मोकळी होते, सळई घालू नये.

मग पागोळ्या. पावसात उभं राहून पागोळीचं पाणी जमिनीवर नेमकं कुठे पडतं त्याची रेघ आखून ठेवावी. ती रेघ जोत्यापासून फूटभर तरी लांब हवी. जवळ असेल तर वाशांना पुढे जोड देऊन पाखं वाढवावं. त्या रेघेखाली चिऱ्याची चर करावी आणि तिला दर दहा फुटांना दोन इंच उतार द्यावा. चर तळीकडे नेण्याचा मोह होतो, पण आधी तळीच्या वरच्या बाजूने पाणी कुठून येत होतं ते पाहावं. तळीच्या तळाला काँक्रीट केलं तर झरे बंद होतात आणि उन्हाळ्यात टँकर आणावा लागतो.

अंगणाला सगळीकडे पेव्हर ब्लॉक घालणं हेही याच चुकांपैकी. पाणी मुरायला जागा राहत नाही, ते भिंतीकडे वळतं, आणि दोन पावसाळ्यांत भिंतीच्या बुडाला हिरवा पट्टा दिसू लागतो.

छप्पर

शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं, दर वर्षी एप्रिल-मेमध्ये झालीच पाहिजे. कौलांखाली साठलेला पाचोळा, उंदरांनी नेलेल्या सुपाऱ्या आणि माकडांनी सरकवलेली कौलं या तीन कारणांनी बहुतेक गळती होते. छप्पर फिरवताना कौल ठोकून पाहावं: खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर चीर गेलेली. नवी कौलं घेताना जुन्याचं एक कौल सोबत न्यावं. कारखान्यागणिक माप थोडं वेगळं असतं आणि खाचा जुळल्या नाहीत तर सबंध ओळ गळते. रिपांमधलं अंतर कौलाच्या मापावरून ठरवावं, सुताराच्या सवयीवरून नाही.

लाकडाची तपासणी दाभणाने करावी. खांबाचा पाया, भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक आणि पाख्याचं खोलगट वळण या तीन जागी लाकूड आधी कुजतं, कारण तिथे हवा लागत नाही. दाभण सहज आत गेलं तर कुजलेला भाग कुठपर्यंत आहे ते खुणेने दाखवावं आणि तेवढाच कापून त्याच जातीच्या लाकडाचा तिरपा सांधा द्यावा. जोड लांबीला लाकडाच्या जाडीच्या तिप्पट तरी असावा. लोखंडी बोल्ट घालू नयेत. खाऱ्या हवेत ते गंजतात, फुगतात आणि सांधा आतून फाडतात. लाकडी खुंट्या पुरतात, अगदीच गरज असेल तर स्टेनलेस स्टील वापरावं.

आणि स्लॅब. पाच इंची स्लॅबचं वजन दर चौरस फुटाला सुमारे ३० किलो असतं, लाकडासकट कौलारू छपराचं सहा ते आठ किलो. जांभ्याची जुनी भिंत हे दुसरं, हलकं वजन पेलण्यासाठी बांधलेली आहे. तिच्यावर चौपट वजन ठेवलं की ती पहिल्या वर्षी काही सांगत नाही, पाचव्या-सहाव्या वर्षी कोपरे बाहेर सरकतात. शिवाय स्लॅबमधली सळई समुद्राकाठी पंचवीस-तीस वर्षांत गंजून वरचं सिमेंट फोडू लागते, आणि तेव्हा खाली मूर्ती असते.

भिंती आणि चुना

जांभा सच्छिद्र असतो. जमिनीतलं पाणी तो वर ओढतो आणि अंगातून बाहेर सोडतो. वर सिमेंटचा गिलावा केला की बाहेरची वाट बंद होते, पाणी आणखी वर चढतं, क्षार गिलाव्यामागे साठतात आणि लोणा लागतो. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते, हाताने ठोकली की पोकळ वाजते, आणि गिलावा पडला की मागे चिऱ्याचा भुगा निघतो. ऑइल पेंटनेही हेच होतं.

म्हणून चुना. कळीचा चुना टाकीतल्या पाण्यात थोडा थोडा सोडावा. पाणी चुन्यावर ओतू नये, ते उसळून डोळ्यांत जातं. चष्मा आणि हातमोजे घालूनच हे काम करावं. विरलेला चुना गाळून महिनाभर तरी पाण्याखाली ठेवावा, त्यावर चार बोटं पाणी कायम असावं. एक भाग चुना आणि तीन भाग नदीची स्वच्छ वाळू. खाडीची किंवा किनाऱ्याची वाळू कितीही धुतली तरी नको, तिच्यातलं मीठ भिंतीत लोणा होऊन बाहेर येतं. जोत्याजवळ, जिथे ओल कायम असते, तिथे एक भाग चुना, एक भाग विटांची भुकटी आणि दोन भाग वाळू असं मिश्रण चांगलं धरतं. गूळ-हिरड्याचं पाणी जुने गवंडी घालत. ते थोडंच असावं, जास्त गुळाने चुना धरायला वेळ लागतो आणि मुंग्या येतात.

सांधे भरताना जुना सैल चुना हाताने, छिन्नीने काढावा. ग्राइंडर चिऱ्याच्या कडा खातो. सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत साफ करून, पाणी मारून, मग भरावं. गिलाव्याचा एक थर बोटभर जाडीपेक्षा जास्त नसावा. वर गोणपाट लावून सात ते दहा दिवस ओल टिकवावी. भेगा पडल्या तर बहुधा वाळू कमी पडली आहे किंवा ऊन लागलं आहे. हात लावल्यावर पीठ निघालं तर तो धरण्याआधीच वाळला आहे. हे सगळं काम दिवाळी ते होळी या काळात उरकावं. एप्रिलमध्ये घाईने केलेला चुना पाऊस धुऊन नेतो.

नवा चिरा लागला तर तो आधीच्या हंगामात खाणीतून आणून उघड्यावर ठेवावा. ताजा जांभा मऊ असतो आणि हवेने टणक होतो. वर्षभरात जो ठिसूळ राहील तो बाजूला काढता येतो.

पिंपळाचं रोप ओढू नये. मूळ चार चिरे घेऊनच बाहेर येतं. बुंधा कापून ताज्या कापावर लगेच परवानाधारक कीडनियंत्रकाकडून औषध लावून घ्यावं, मूळ मेल्याची खात्री झाल्यावर ते आतच ठेवून सांधा चुन्याने भरावा. दगडी कोरीव कामावरचा रंग काढायला ॲसिड, तारेचा ब्रश किंवा वाळूचा मारा वापरू नये. साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. त्याने निघेल तेवढाच रंग काढावा, उरलेला राहू द्यावा.

आवारातले सुटे दगड

देवळामागे पिंपळाखाली टेकवलेले दगड आधी एकेक करून पाहावेत, मगच कंपाऊंडची आखणी करावी. वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेवर, सहसा तीन टप्पे असतात: खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई आहे. सतीशिळेवर कोपरातून वळलेला, बांगड्या भरलेला हात असतो. वर चंद्र-सूर्य, मधे लेख आणि खाली गाढव असा दगड म्हणजे गधेगळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. अलिबागजवळच्या अक्षीचा गधेगळ मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक मानला जातो आणि तो कितीतरी वर्षं रस्त्याकडेला पडून होता. आपल्या गावात असा दगड नसेल हे गृहीत धरू नये.

सगळ्यांत मोठं नुकसान भंगलेली मूर्ती खाडीत सोडल्याने होतं. पूजेतून काढायची असेल तर काढावी, पण ती छपराखाली, चौथऱ्यावर, जमिनीपासून फूटभर उंच, भिंतीत न चिणता ठेवावी. भिंतीत सिमेंटने बसवलेली शिळा पुढे कोणालाही अखंड काढता येत नाही, आणि तिची मागची बाजू कायमची झाकली जाते.

रहाटी (देवस्थानाची चालत आलेली रीत) आणि कागदपत्रं

मोजणीच्या वहीत माणसांचीही नोंद हवी. कुठल्या मानकऱ्याचा हात कुठे लागतो, गुरव कुठल्या दाराने शिरतो, शिमग्याला पालखी कुठून निघून सहाणेवर (पालखी बसवायच्या जागी) कशी जाते. मापंही घ्यावीत: भोई खांद्यावर पालखी घेऊन दारातून जाताना किती रुंदी लागते, तरंगकाठी (देवाचं प्रतीक म्हणून मिरवली जाणारी उंच काठी) उभी धरली की किती उंची लागते. ही मापं न घेता बांधलेल्या शेडखाली तरंग वाकवून न्यावे लागतात, आणि त्यावरून गावात वर्षानुवर्षं वाद राहतो. काम सुरू करण्याआधी देवाचा कौल घेणं आणि देवाचं तत्त्व कलशात उतरवणं हे गावच्या रीतीप्रमाणे होईलच. त्याची तारीखही वहीत टाकावी.

देवस्थान नोंदणीकृत असेल तर खर्चाचा ठराव १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे धर्मादाय कार्यालयाच्या नियमांत बसायला हवा. सिंधुदुर्गात अनेक देवळं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत, तिथे समितीची लेखी परवानगी आधी घ्यावी. केंद्राचं संरक्षित स्मारक शंभर मीटरच्या आत असेल तर नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. पाया खणताना नाणी, ताम्रपट, मूर्ती निघाली तर काम थांबवून, वस्तू जागेवर असतानाच फोटो घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं. ताम्रपट घासून चकचकीत करू नये. कशेळीच्या कनकादित्याकडे शिलाहार भोजाचा शके १११३ चा ताम्रपट आहे. तो आज वाचता येतो, कारण त्यावरची अक्षरं कोणी घासली नाहीत.

वहीच्या तीन प्रती कराव्यात: एक देवळाच्या पेटीत, एक ग्रामपंचायतीत, एक गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाकडे. नकाशा, लेखांचे फोटो, चुन्याचं प्रमाण, लाकूड कुठून आणलं, कुठला वासा बदलला आणि कधी, सगळं तिच्यात असावं. मृगाच्या पहिल्या सरीला कोणीतरी सभामंडपात अर्धा तास उभं राहून थेंब कुठे पडतात ते नकाशावर खुणेने नोंदवावं, आणि त्या खुणेखाली त्या दिवसाची तारीख लिहावी.